विद्यापीठ-परिसरातील गोळीबार व बचावाचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकन विद्यापीठांतील गोळीबारप्रसंगीच्या बचाव-प्रशिक्षणाचा इतिहास १६ एप्रिल २००७ च्या व्हर्जिनिया टेक हत्याकांडाशी निगडित आहे. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांची हत्या झाली. विद्यापीठाची पहिली सूचना मात्र ९.२६ ला निघाली. त्यानंतर लगेचच नॉरिस हॉलमध्ये ३० जण मारले गेले. तेथे प्रा. लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी दार अडवून धरल्याने विद्यार्थी खिडक्यांतून निसटले. स्वतः प्राध्यापक मात्र मृत्युमुखी पडले. २००८ च्या कायद्याने तातडीची सूचना बंधनकारक केली. २०१२ मध्ये ह्यूस्टन शहराच्या चित्रफितीने ‘पळा, लपा, प्रतिकार करा’ हे सूत्र सर्वदूर पोहोचविले. तथापि, वेळेवर सूचना न मिळाल्यास असे प्रशिक्षण अपुरेच ठरते. ते प्रशासनाच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही, हाच या घटनाक्रमाचा निष्कर्ष होय.