सोलापूर

महाराष्ट्राच्या आग्नेय कोपऱ्यात कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेले शहर व त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या शहर ९,५१,५५८, जिल्हा ४३,१७,७५६ (२०११). जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौ. किमी. असून त्यात ११ तालुके आहेत. पंढरपूर आणि अक्कलकोट ही क्षेत्रे याच जिल्ह्यातली. त्यामुळे बाहेरचा माणूस सोलापूर बहुधा वाटेवरचे स्टेशन म्हणूनच ओळखतो. शहराच्या वाट्याला हा अन्याय जुनाच आहे.

जिल्हा पर्जन्यछायेतला. भीमा, सीना, नीरा, माण अशा नद्या असूनही पाऊस बेभरवशाचा, म्हणून काळ्या रानात रब्बीची ज्वारी हेच खरे पीक. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि माळशिरस, माढा, पंढरपूर या भागांत ऊस व साखर कारखाने फोफावले. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य येथे दरवर्षीच्या बोलण्यातले. उसाला पाणी मिळते आणि शहरातल्या नळाला मात्र काही दिवसांआड येते, हे गणित सोलापूरकरांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही. सांगोल्याच्या कोरड्या माळांनी उसाऐवजी डाळिंब धरले, ते अधिक शहाणपणाचे.

शहराचे ग्रामदैवत बाराव्या शतकातील वीरशैव संत सिद्धरामेश्वर. त्यांचे मंदिर तलावात असून शेजारीच बहमनी काळातला भुईकोट किल्ला आहे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंच नंदीध्वज तोलत शहराच्या परिसरातील ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. संमती कट्ट्यावर कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह लागतो. संमती कानडीत वाचली जाते आणि अक्षता टाकणाऱ्यांत मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे सारेच असतात. शाहीर राम जोशी याच गावचे.

आजचे शहर घडवले ते रेल्वेने आणि कापसाने. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला लोक शेवटपर्यंत ‘जुनी गिरणी’च म्हणत आले. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले. या भागात आजही दुकानांच्या पाट्या आणि भांडणे, दोन्ही तेलुगूत चालतात. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण घराघरांतले आणि लहान कारखान्यांतले यंत्रमाग राहिले. सोलापुरी चादर विणताना मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेले असते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून फिरते आणि कोणता ताणा उचलायचा हे ती भोकेच ठरवतात. नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, रंग तेवढे उलटतात. म्हणून या चादरीला खरी उलटी बाजू नसते. चादर व टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. स्वस्त नकली मालाने मात्र या धंद्याचे कंबरडे मोडत आणले आहे.

माग पुरुषांचा, तर विडी बायकांची. हजारो घरांत उंबऱ्याशी बसून सुपात तेंदूची पाने कातरायची, विड्या वळायच्या आणि हजारामागे मजुरी घ्यायची, असा हा व्यवसाय आहे. याच कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. संघटित कामगारांनी मिळवलेली अशी घरे राज्यात विरळाच.

गिरणगावामुळे शहराला राजकीय धग होती. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात येथे लष्करी कायदा पुकारला गेला. या आंदोलनातले मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. चौघांची नावे एका दमात घेतली तरी शहराची बनावट कळते. उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२) आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२ मध्ये निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०) यांचा जन्म येथलाच.

खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारी-बाजरीची पातळ भाकरी पापडासारखी वाळवलेली असते व बरेच दिवस टिकते. चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. शहराजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य असून माळढोक मात्र आता तेथे क्वचितच दिसतो. २००४ मध्ये केवळ या एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.