लीला आणि प्रहसन : फाळक्यांच्या मूकपटांतील हास्य

दादासाहेब फाळके यांचे नाव भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पौराणिक चित्रपटाशी कायमचे जोडले गेले आहे. याच कालखंडात पश्चिमेकडील मूकपटांत आपटण्याधोपटण्याच्या धसमुसळ्या विनोदाला बहर आला आणि त्याच्या उपासकांनी चॅप्लिन, कीटन व लॉइड यांच्याभोवती पुढे जणू एक पंथच उभा केला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वस्तुतः फाळक्यांच्या चित्रसृष्टीत हास्य प्रथमपासून वावरत होते. त्याची कथा तपासली असता भक्तिरस आणि हास्यरस यांच्यामधील भिंत आपण समजतो तितकी जाड नव्हती, असेच दिसून येते.

१९१०-११च्या सुमारास गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा पडद्यावर आणण्याचा संकल्प सोडला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सरस्वतीबाई फाळके यांच्या आठवणींत मात्र या प्रसंगाचा आणखी एक तपशील येतो. त्या खेळात आरंभी ‘फूल्सहेड’ नामक विदूषकाचा एक छोटा विनोदी चित्रपट दाखविण्यात आला होता. फूल्सहेड म्हणजे युरोपात निरनिराळ्या नावांनी गाजलेला आंद्रे दीद हा नट. तेव्हा भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत ख्रिस्ताच्या जोडीला एक विदूषकही उभा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हाही जाहिरातीत नृत्य, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि ‘टिप-टॉप कॉमिकल्स’ यांचा समावेश होता. सत्यवचनी राजाच्या अश्रूंना हास्याची जोड देण्यात प्रेक्षकांना विसंगती वाटली नाही.

ती वाटण्याचे कारणही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी रंगभूमीवर पौराणिक आख्यान संपल्यावर ‘फार्स’ करण्याची पद्धत रूढ झाली होती. देव आणि राक्षस रंगमंचावरून गेले की त्याच प्रेक्षकांसमोर फार्सातली पात्रे येत. १९१४च्या आरंभी ‘मोहिनी भस्मासुर’ प्रदर्शित झाला, तेव्हा फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ हे छोटे प्रहसन त्याच्या जोडीला दिले, ते याच प्रघातास अनुसरून होय. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांच्या भूमिकांमुळे मुख्य चित्रपटाची नोंद इतिहासात झाली. प्रहसनाला मात्र केवळ सूचीतील एका ओळीचे आयुष्य लाभले. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत चॅप्लिनचा पहिला चित्रपट अमेरिकेत झळकला.

परंतु मुख्य कथा तरी हास्यापासून कितीशी दूर होती? ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा वर मिळालेला असुर नृत्याच्या नादात स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच पडणे, हा धसमुसळ्या विनोदाचा मूळ सांगाडा आमच्या पुराणकारांच्या चांगलाच परिचयाचा होता.

फाळक्यांनी हा धागा पुरतेपणी ओळखला, तो ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९). यात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. आरंभीच सात वर्षांच्या बालिकेच्या मुद्राभिनयाचा हा अभ्यास आहे, अशी पाटी येते. मंदाकिनीच्या चेहऱ्यावरून नाना भाव सरकत जातात आणि मग ती कृष्णवेषात प्रकटते. प्रेक्षकाने प्रथम नटाला पाहावे व नंतर देवाला, ही योजना धीट आहे. पुढे खोड्यांची मालिकाच सुरू होते. एक गवळण सवंगड्याच्या अंगावर पाणी टाकते, म्हणून तिच्या घरचे लोणी लुटले जाते. रात्री कृष्ण एका धनिकाच्या शयनगृहात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांशी बांधून ठेवतो. यानंतर यमुनेच्या डोहातील युद्ध येते. तेच लहान शरीर, तीच चपळाई. फक्त समोर धनिकाऐवजी कालिया असतो. खोडी आणि पराक्रम ही एकाच शक्तीची दोन रूपे आहेत, हे फाळके एका शब्दाच्याही साहाय्यावाचून दाखवितात. पूर्वी चित्रपटाला जोडलेले प्रहसन आता कथेच्या पोटात शिरले होते.

येथेच पाश्चात्त्य विनोदाहून असलेला भेदही लक्षात घ्यावा लागतो. चॅप्लिनचा भटक्या पोलिसाला चुकवतो, पण जग त्याला पुनःपुन्हा रस्त्यावर आणून सोडते. त्याच्या हास्याला उपासमारीची किनार आहे. फाळक्यांच्या बाळाला असे भय नाही. धनिकाची फजिती होते, परंतु खोडी देवाने केलेली असल्यामुळे तिचे पर्यवसान क्षमेत होते. व्यवस्थेला हसणारा हा विनोद तिला मोडीत मात्र काढीत नाही. ही त्याची मर्यादा होय. आणि त्याचे माधुर्यही याच मर्यादेतून आले आहे.

जेम्स एजी यांनी १९४९ साली एका लेखातून मूक विनोदपटांची थोरवी अमेरिकन वाचकांना पुन्हा पटवून दिली, तेव्हा त्यांपैकी पुष्कळ चित्रपट उपलब्ध होते. आमच्याकडे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले, ते १९६४ साली. तोवर तेराशेंहून अधिक भारतीय मूकपटांपैकी बहुतेक सारे नष्ट झाले होते. ‘कालिया मर्दन’ आज पाहावयास मिळतो, तो पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळविलेल्या तुकड्यांमुळे. इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवाने १९९४ साली भारतीय मूकपटांना स्थान दिले, तेही अशा मोजक्या अवशेषांच्या बळावर.

भक्तांचा पंथ उभा राहतो तो मूर्तीभोवती, आणि येथे मूर्तीच हरवल्या. म्हणून मूक विनोदाच्या मराठी रसिकाने केवळ ‘विनोदी’ या सदराखाली शोध घेतल्यास त्याच्या हाती फारसे लागणार नाही. ‘पिठाचे पंजे’ गेले. परंतु ज्या हास्यवृत्तीने ते घडविले, ती दाढीच्या त्या गाठीत अद्याप शाबूत आहे. ती पाहण्यासाठी पौराणिक चित्रपटासमोर हात जोडून बसण्यापूर्वी क्षणभर मनमोकळे हसण्याची तयारी मात्र हवी.