अतिउंचीवरील फुप्फुसशोफ : भारतीय जवानांवरील संशोधन

समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटरच्या वर वेगाने चढल्यास फुप्फुसांत पाणी भरण्याचा विकार. १९६२ च्या भारत-चीन युद्धात मैदानी मुलखातील जवान घाईने हिमालयात धाडले गेले. गोळी न लागताही धडधाकट तरुण दगावू लागले. आधी कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, शेवटी गुलाबी फेसाळ थुंकी. न्यूमोनिया समजून उपचार होण्याचा धोका मोठा होता.

सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी ३३२ रुग्णांचा अभ्यास १९६५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या, उंचीमुळे होणाऱ्या पर्वतीय आजाराचा अभ्यास आला. एवढ्या मोठ्या संख्येवर हे काम जगात आधी झालेले नव्हते. प्राणवायू कमी पडल्याने फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो व द्रव झिरपतो. उत्तम शरीरयष्टी यापासून वाचवत नाही. रजेवरून परतलेल्या, आधी उंचीला सरावलेल्या जवानालाही हा विकार गाठतो.

उपचार म्हणजे प्राणवायू देणे आणि ताबडतोब खाली उतरवणे. त्याहून मोलाचा प्रतिबंध. शरीर उंचीला सरावावे म्हणून सेनेत २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यावर सहा दिवस मुक्काम असतो. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, नंतर सपाटीवर चालणे, मग हलकी चढण. पुढील प्रत्येक टप्प्याला चार दिवस. रजेवरून आलेल्यालाही यातून पुन्हा जावे लागते.

विमानाने थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरणाऱ्या पर्यटकांनीही पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी.