बदकाजवळ जाण्याची विद्या

पाण्यावर बसलेल्या रानबदकाच्या जवळ जाणे हे शिकारीतले फार अवघड काम. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. थव्यातली काही डुलक्या घेत असली तरी काही जागीच असतात. आणि काठावर उभ्या माणसाची आकृती त्यांच्या मनात पक्की बसलेली असते. बदकांच्या शिकारीची कुळकथा म्हणूनच मुळात दडण्याची कुळकथा आहे. बंदूक तिच्यात फार उशिरा आली.

या दडण्याचे फार सुंदर वर्णन अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आइन-ए-अकबरी’त केले आहे. पाणपक्ष्याचे कातडे पंख, चोच, शेपटीसकट सोलून घ्यायचे, आतून पोकळ ठेवायचे आणि पाहण्यासाठी त्याला दोन भोके पाडायची. शिकारी ते डोक्यावर चढवतो आणि गळ्यापर्यंत पाण्यात उतरतो. मग हळूहळू थव्यात शिरून एकेका पक्ष्याला पाण्याखाली ओढून घेतो. शेजारचे पक्षी कधी सावध होतात आणि उडून जातात, हेही त्याने नोंदवले आहे. दुसरी युक्ती म्हशींची. म्हशी पाण्यात सोडायच्या आणि त्यांच्या मध्ये लपून पुढे सरकायचे.

ही दुसरी युक्ती ज्याने गुजरातेतले किंवा आपल्याकडचे गावतळे पाहिले आहे त्याला लगेच पटेल. दुपारी म्हशी पाण्यात डुंबत असतात आणि त्यांच्या पाठीपासून दोन हातांवर बदके चरत असतात. म्हैस म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाण्याचाच एक भाग. मडक्याची युक्तीही याच घराण्यातली आहे. आधी तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची, पक्ष्यांना त्यांची सवय होऊ द्यायची, आणि मग एका मडक्याखाली माणसाचे डोके असायचे. दारूगोळा नाही, आवाज नाही. शेजारचा पक्षी नाहीसा झाला तरी थव्याला सहसा कळत नाही. ज्याने हे पहिल्यांदा शोधले त्याने बदकाकडे किती काळ टक लावून पाहिले असेल, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

राजेलोकांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी आकाशातून हल्ला करणारा साथीदार पाळला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोद, म्हणजे ससाण्याचा खेळ, आणि मृगयाविनोद यांना आपापली प्रकरणे आहेत. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी आपण ज्या ग्रंथाकडे जातो तोच हा ग्रंथ. तो छापून निघाला बडोद्यात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले आणि पहिला भाग 1925 साली आला. शिकारीचे आठशे वर्षांपूर्वीचे शास्त्र महाराजा सयाजीरावांच्या राजधानीत ग्रंथ म्हणून जपले गेले, हे मला त्या दरबाराच्या मोठ्या कामांपैकी एक वाटते.

त्याच राज्याने बदकांसाठी आणखी एक काम केले, तेही बदके मनात नसताना. 1899-1900 चा छप्पनियाचा दुष्काळ गुजरातेला फार महागात पडला. पुढे 1909-10 च्या सुमारास बडोदे संस्थानाने डभोईजवळ वढवाणा येथे सिंचनासाठी मोठा तलाव बांधला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने त्यात येते. हेतू शेतीचा होता. पण उथळ काठ, पाणवनस्पती आणि हिवाळाभर टिकणारे पाणी मिळाल्यावर मध्य आशियातून येणारे थवे तिथे उतरू लागले. आज तिथे स्थलांतर करणाऱ्या 80 हून अधिक जातींचे पाणपक्षी नोंदले गेले आहेत. पश्चिम भारतात क्वचित दिसणारे लाल शेंडीचे बदकही तिथे दर हिवाळ्यात नेमाने येते. 2021 साली वढवाणा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला.

राजस्थानातल्या भरतपूरचे पाणी मात्र शिकारीसाठीच राखलेले होते. तिथे 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. बंदुकीने या कुळकथेचे काय केले ते या आकड्यात दिसते. बदकाजवळ जाण्याची गरजच संपली. बंदुका ठरावीक जागी बसत, हाकारे थवे उठवत आणि पक्षी स्वतःच गोळीच्या टप्प्यात येत. लपायचे ते केवळ आडोशापुरते. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारी पक्ष्यांवरचे तीन खंड 1879 ते 1881 या काळात निघाले. स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय बदकांवरचे पुस्तक 1908 साली आले. पक्ष्यांचे ज्ञान या ग्रंथांत भरपूर आहे, आणि त्यातले बरेचसे बंदूक हातात असलेल्या माणसांनी जमवलेले आहे. हे मान्य करायलाच हवे.

मोठ्या तलावांवरचे हे सगळे झाले. झाडांमध्ये दडलेल्या लहान पाण्यावर मात्र ही विद्या जुन्या रूपातच टिकली, कारण तिथे मोठे थवे नसतात. बडोदा जिल्ह्यातली गावतळी, ढाढर आणि विश्वामित्रीच्या घळींमधले डोह ही नकटा, काणूक आणि अडई यांची ठिकाणे. ही तिन्ही बदके झाडांच्या ढोलीत अंडी घालू शकतात. अमेरिकेतल्या जंगली ओढ्यांवरच्या वुड डकचीही हीच रीत. तिथे शिकार आणि जंगलतोड यांमुळे तो पक्षी इतका घटला, की 1918 साली त्याची शिकारच बंद करावी लागली. 1941 साली ती मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात, 1930च्या दशकात, लोकांनी त्याच्यासाठी लाकडी पेट्या झाडांना बांधायला सुरुवात केली.

नकट्याला जवळून पाहायचे तर पावसाळ्यात जावे. नराच्या चोचीवरचा काळा मांसल उंचवटा विणीच्या दिवसांत फुगून मोठा होतो. पाठीवर हिरव्या-जांभळ्या झाकेचा काळा रंग असतो, आणि पांढऱ्या मानेवर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. बदक असून तो आडव्या फांदीवर बसतो. मादी ढोलीच्या तोंडाशी क्षणभर थांबते आणि एकदम आत शिरते. ढोलीत जन्मलेल्या पिल्लांना उडण्याची पिसे फुटण्याआधीच खाली उडी घ्यावी लागते. झाड काठाशी असेल तर ती पाण्यात पडतात. विश्वामित्रीत मगरी आहेत, तिथे ही उडी दुप्पट धोक्याची.

कायद्याने शिकार टप्प्याटप्प्याने थांबवली. बडोदे मुंबई राज्यात आल्यावर मुंबईचा 1951 चा वन्य प्राणी-पक्षी कायदा तिथे आला. मग 1972 चा केंद्रीय कायदा. परवान्याने होणारी शिकार 1991 च्या दुरुस्तीने पूर्ण बंद झाली. दडणे मात्र बंद झाले नाही. कॅमेरावाले आजही झुडपांच्या रंगाचे कापड अंगावर ओढून बसतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी वढवाण्याच्या पाणपक्ष्यांवर काम केले आहे, आणि 1987 पासून भारतात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. थव्यावरून डोळा फिरवून संख्या सांगण्याचे कसब जुन्या शिकाऱ्यांपाशीही होते.

पण जानेवारीची गणना हिवाळ्याच्या पाहुण्यांची. नकटा आणि काणूक यांची वीण पावसाळ्यात, गावतळ्यावर, आणि तिची मोजदाद करायला तिथे लपून बसणारे थोडे. गुजरातेत 2018 पासून सुजलाम सुफलाम जल अभियानात तळी खोल केली जातात. पाण्यासाठी ते चांगलेच. खोदताना काठ सरळ केला, की काठावरचे ढोलीचे जुने झाड अडचणीचे ठरते आणि जाते. तळ्याची मापे उन्हाळ्यात घेतली जातात, तेव्हा ढोली रिकाम्या असतात. त्याच दिवशी मापे घेणाऱ्यांबरोबर एका पक्षिनिरीक्षकाने काठावरून फिरून ढोलीच्या झाडांना चुन्याचा पट्टा ओढावा आणि त्यांची यादी ग्रामपंचायतीकडे द्यावी. यंत्र येण्याआधी हे एका सकाळी होण्यासारखे आहे.