चिनी गुलाबाचें मूळ घर

गच्चीवरील कुंड्यांतून किंवा फाटकालगतच्या वाफ्यांतून भुईसरपट पसरणारा चिनी गुलाब आपण सर्वांनीं पाहिला असेल. ऊन चढल्यावर उमलतो म्हणून कोणी त्याला ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात. परंतु हा गुलाब नव्हे आणि चीनचाही नव्हे. आपल्या घोळीच्या भाजीचा हा भाऊबंद.

त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत. जॉन गिलीज हे स्कॉटिश आरमारी शल्यवैद्य क्षयानें खंगले, तेव्हां कोरड्या हवेच्या आशेनें ते १८२० च्या सुमारास अर्जेंटिनांतील मेंडोझा येथें जाऊन राहिले. त्या भागांत, देसाग्वादेरो नदीच्या पश्चिमेस, रेताड जमिनीवर हें झाड त्यांना इतकें दाट पसरलेलें आढळलें कीं भुईलाच जांभळा रंग चढला होता आणि मधूनमधून नारिंगी ठिपके होते. १८२९ सालीं हूकर यांनीं ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्यें त्याचें वर्णन छापलें व ‘पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा’ हें नांव दिलें. गिलीज १८३४ सालीं वारले.

हें मूळ ठाऊक नसल्यामुळेंच आपण फसतों. गुलाब समजून शेणखत घालतों, दोन वेळां पाणी देतों. आणि पानांदेठांत स्वतःच पाणी सांठवणारें तें झाड मुळाशीं कुजतें. मीही दोन कुंड्या अशाच मायेनें मारल्या आहेत! वाळूमिश्रित माती, दिवसभर ऊन आणि ती माती पुरती वाळल्यावरच पाणी, एवढें असलें कीं नुसती काडी खोंचली तरी रुजते व उघडी जमीन झांकून टाकते. पावसाळ्यांत कुंडी पागोळ्यांखालून तेवढी हलवावी.