निवेदकाची खुर्ची : वरळी ते वैजापूर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले आणि चेहरा दाखवून मराठी बोलण्याचा पेशा महाराष्ट्रात आला. त्याआधी मराठी माणसाला निवेदन ठाऊक होते ते फक्त कानांनी. दिल्लीत १९५९ पासून दूरचित्रवाणी होती आणि तिच्या आरंभीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांत पु. ल. देशपांडेही होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत घेतली ती त्यांनीच. पण दिल्लीचे ते प्रक्षेपण दिल्लीपुरतेच होते.

मराठवाड्याचा कान मात्र जुना होता. १९४७ मध्ये देशातल्या संस्थानांकडे मिळून पाचच रेडिओ केंद्रे होती आणि त्यांतली दोन निजामाची, हैदराबाद व औरंगाबाद इथली. वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्याच्या पश्चिम कडेला. पलीकडे नाशिक आणि नगर जिल्हे, म्हणजे ब्रिटिश मुलूख. पुढे औरंगाबादचे केंद्र बंद झाले आणि १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी आली. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे बातम्या देत तेव्हा त्यांचे नाव घराघरांत पाठ असे. चेहरा कोणी पाहिलेला नसे.

वरळीच्या स्टुडिओत हा चेहरा आणायचा कुठून, हा प्रश्न होता. शिकवणारी संस्था नव्हती, पाहून शिकावे असा पूर्वसूरी नव्हता. मग माणसे आली ती रंगभूमी, आकाशवाणी आणि वाङ्मयाच्या वर्तुळातून. केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून विश्वास मेहेंदळे यांचे नाव घेतले जाते. पुढे ‘वाद-संवाद’ या कार्यक्रमानेही ते ओळखले गेले. मुलांसाठी लिहिणारे कवी अनंत भावे बातम्या वाचत. भक्ती बर्वे आकाशवाणीवरून इकडे आल्या. स्मिता पाटील विशीच्याही आत असताना इथे बातम्या वाचू लागल्या आणि दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते याच पडद्यावर. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट अजून सांगितली जाते. कॅमेरा कमरेच्या वरचेच दाखवत असल्याने प्रेक्षकाला त्याचा पत्ता नसे.

काम दिसायला सोपे आणि करायला अवघड होते. बातमीपत्र थेट जाई. शब्द समोर सरकवणारा पडदा नव्हता. टंकलिखित किंवा हाताने लिहिलेले कागद हातात असत. वाक्याचा शेवट डोक्यात साठवून मान वर करायची, तो प्रेक्षकाकडे बघत म्हणायचा आणि नजर पुन्हा नेमकी पुढच्या ओळीवर उतरवायची, यातच सगळे कसब होते. शेवटच्या क्षणी एखादी चिठ्ठी पुढे सरकवली जाई. ती आधी न वाचता सराईतपणे सांगावी लागे. तांत्रिक बिघाड झाला की पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. ती पाटी इतक्यांदा दिसे की ‘व्यत्यय’ हा कार्यक्रमच आहे, असा विनोद रूढ झाला होता.

मानधन बेताचे असे. बहुतेक निवेदक करारावर येत आणि पोटापाण्याचा उद्योग दुसरीकडे करत. म्हणूनच या खुर्चीतून माणसे इतक्या दिशांना गेली. स्मिता तळवलकर बातम्या वाचता वाचता चित्रपटनिर्मितीत शिरल्या. भक्ती बर्वे यांनी १९७५ मध्ये रंगभूमीवर पु. लं.ची ‘ती फुलराणी’ साकारली. गावरान बोलणाऱ्या मुलीला ‘शुद्ध’ मराठी शिकवण्याचे हे नाटक. त्यातली मुख्य भूमिका एका निवेदिकेने करावी, हा योग मोठा मार्मिक आहे. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून प्रयोग करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. याउलट प्रदीप भिडे कित्येक दशके बातम्यांपाशीच राहिले. २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांना आठवला तो त्यांचा आवाज.

हे सगळे वैजापूरला दिसत होते का? बराच काळ नाही. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणे जोडले गेले. १९७५-७६ चा उपग्रह शिक्षण प्रयोग सहा राज्यांतल्या खेड्यांसाठी होता. त्यात आंध्र आणि कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. १९८४ च्या सुमारास देशभर छोट्या प्रक्षेपकांचा सपाटा सुरू झाला, पण त्यांचा टप्पा साधारण २५ किलोमीटरचा. औरंगाबाद शहर वैजापूरपासून सुमारे ७५ किलोमीटर. अशा टप्प्याबाहेरच्या गावांत गच्चीवर उंच पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर आणि तरीही पडद्यावर मुंग्या, असा सारा मामला असे. एक जण वर अँटेना फिरवी, दुसरा अंगणातून ‘आलं, आलं’ ओरडे.

मुंग्या गेल्या तरी पडद्यावर मराठी असेलच, याची खात्री नव्हती. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ त्याने घेतली. नवे प्रक्षेपक मुख्यतः हेच चित्र पुढे पाठवत. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला ब्रिटनमधल्या वेल्समध्ये वेल्श भाषेसाठी ‘एस-फोर-सी’ ही वाहिनी सुरू झाली. त्यासाठी तिथल्या गुइनव्होर इव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला होता. वेल्श बोलणारे तेव्हा पाच लाखांच्या आसपास. त्यांच्या निवेदकांना संध्याकाळची मोक्याची वेळ मिळाली, आणि कोट्यवधींच्या मराठीला मात्र दिल्लीच्या आधी उरलेले तास. महाराष्ट्रात यासाठी कोणी उपोषणाला बसल्याचे ऐकिवात नाही.

उपग्रहावरची स्वतंत्र मराठी वाहिनी १९९४ मध्ये आली. तिलाच पुढे ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली. ईटीव्हीचे मुख्य ठाणे हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होते. निजामाच्या रेडिओनंतर मराठवाड्याला बातम्या पुन्हा हैदराबादहून येऊ लागल्या. २००७ मध्ये स्टार माझा आणि झी २४ तास या चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या आणि निवेदक करारावरचा हौशी राहिला नाही. तो पगारी पत्रकार झाला. शब्द समोरच्या पडद्यावर सरकू लागले, वेग वाढला, आवाजही चढला. तालुक्याच्या गावातला वार्ताहर हातात माइक घेऊन थेट दिसू लागला आणि मराठवाडी हेल बातमीच्या वेळी ऐकू आला. वरळीच्या पहिल्या पिढीत त्याला जागा नव्हती.