लीगचे अहवाल वाचताना

समाजसेवी संस्थेचा इतिहास हा विषय घेतला की आपण आधी तिची स्मरणिका गाठतो. गाठा जरूर. सेवा कुणी केली हे तिथे भरभरून सापडेल. ती घेतली कुणी, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.

मुंबईची सोशल सर्व्हिस लीग घ्या. भारत सेवक समाजाच्या ना. म. जोशींनी ती 1911 मध्ये काढली. (डिलाईल रोडला आज ज्यांचं नाव आहे, तेच जोशी.) तेव्हा मुंबईची वस्ती 10 लाखांच्या आसपास होती आणि त्यातले बहुतेक लोक शहराबाहेर जन्मलेले. कुणी रत्नागिरीचे, कुणी साताऱ्याचे, कुणी कच्छ-काठेवाडचे, कुणी संयुक्त प्रांतातले. लीगने रात्रशाळा, मोफत वाचनालयं, फिरती ग्रंथालयं, सहकारी पतसंस्था, दवाखाने असं बरंच काही चालवलं.

पण थांबायचं ते तिच्या उद्दिष्टांपाशी. सामाजिक वस्तुस्थिती गोळा करणं आणि तिचा अभ्यास करणं, हे तिथे अगदी सुरुवातीलाच येतं. म्हणजे ही मंडळी मदत करता करता नोंदीही करत होती. आपल्यासाठी हे घबाडच! फक्त नोंद करणारा सुशिक्षित, बहुधा वरच्या जातीतला, आणि ज्याची नोंद होतेय तो चाळीतला, हे अंतर विसरू नका.

उदाहरण देतो. अहवालात 'गिरणी कामगार' हा शब्द दिसला की तो एकसंध गट वाटतो. प्रत्यक्षात जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा लावून धरला. मग रात्रशाळेच्या बाकावर कोण कुणाशेजारी बसलं? फिरत्या ग्रंथालयातली पुस्तकं कोणत्या भाषांत होती? एकूण बेरजेत याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न इथे आहे, 'लीगचे योगदान' यात नाही.

जोशी स्वतः नुसत्या सेवेवर थांबले नाहीत. 1920 मध्ये आयटक उभी राहिली, तेव्हा ते तिच्या संस्थापकांत होते. पुढे विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले. त्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीला आहेत. त्यांच्या जोडीला 1921 पासूनचं 'लेबर गॅझेट' ठेवा. लीगने केलेलं कामगारांचं वर्णन आणि सरकारी मजुरीचे आकडे शेजारी ठेवले की फटी दिसू लागतात.

आणि कागदावरच अडकू नका. लीगचं परळचं दामोदर नाट्यगृह 1922 चं. गिरणगावातल्या चाकरमान्यांनी तिथे वर्षानुवर्षं नाटकं केली. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा रंगकर्मींनी विरोध केला. तिथे तालमी केलेली माणसं अजून भेटतात. त्यांच्या ट्रंकेत हँडबिलं, पावत्या, फोटो असू शकतात. अभिलेखागार पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आधी या माणसांकडे जा.